अहवालातील आकडा आणि अंगातील थकवा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली, कोणत्याही उपनगरात स्थानकाबाहेर पडले की चार पावलांवर रक्ततपासणीची प्रयोगशाळा दिसते. 'संपूर्ण आरोग्य तपासणी'च्या एकाच पॅकेजमध्ये थायरॉईड, जीवनसत्त्व ब-१२, जीवनसत्त्व ड आणि हिमोग्लोबिन या साऱ्यांची मोजदाद होते. सकाळी रक्त दिले की संध्याकाळी अहवाल मोबाइलवर येतो. त्यातील ठळक अक्षरांतला एखादा आकडा पाहून घरात काळजीचे वातावरण पसरते. मात्र तो आकडा काय सांगतो, हे समजून घेण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

उदाहरणादाखल घाटकोपरला राहणारी आणि मेट्रोने रोज अंधेरीला नोकरीसाठी जाणारी चाळिशीची एक स्त्री डोळ्यांसमोर आणावी. सततचा थकवा, वाढते वजन, गळणारे केस आणि पायांना येणाऱ्या मुंग्या या तिच्या तक्रारी. अहवालात टीएसएच १२, फ्री टी-४ कमी, ब-१२ कमी, ड कमी आणि हिमोग्लोबिनही कमी. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी दिली. सोबत लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वेही लिहून दिली. सकाळच्या घाईत ती साऱ्या गोळ्या चहाबरोबर एकदमच घेऊ लागली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर टीएसएच जेमतेम खाली आलेला. गोळी लागू पडत नाही, अशी तिची समजूत झाली. वास्तविक चूक गोळीची नव्हती.

उलटा वाचायचा आकडा

गळ्यातील थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील चयापचयाची गती त्यांच्यावर अवलंबून असते. या ग्रंथीला कामाला लावण्याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते. तो हुकूम म्हणजेच टीएसएच. थायरॉईडचे काम मंदावले की पीयूषिका अधिक जोराने हाक मारते आणि टीएसएच वाढतो. काम प्रमाणाबाहेर वाढले की टीएसएच खाली जातो. म्हणूनच हा आकडा उलटा वाचावा लागतो. टीएसएच जास्त म्हणजे बहुधा थायरॉईड कमी.

प्रौढांमध्ये टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपास असतो. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असल्याने अहवालावर छापलेलीच मर्यादा प्रमाण मानावी. टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-४ घटलेला असेल, तर थायरॉईडची कमतरता स्पष्ट होते. टीएसएच थोडा वाढलेला, पण फ्री टी-४ योग्य असेल, तर ती सीमारेषेवरची अवस्था होय. अशा वेळी डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करायला सांगतात. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला, तर सहसा उपचार सुरू केले जातात. त्याखाली असल्यास वय, लक्षणे, गर्भधारणेची शक्यता आणि अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांची चाचणी पाहून निर्णय होतो. वृद्धांमध्ये टीएसएच किंचित जास्त असणे स्वाभाविक असू शकते.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईसह देशातील ८ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली. त्यांपैकी जवळजवळ ११ टक्के जणांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली. त्यातील सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा विकार आहे, याची कल्पनाही नव्हती.

थकव्याचे वाटेकरी अनेक

तथापि, प्रत्येक थकव्याचा दोष थायरॉईडवर ढकलणे योग्य नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के जणांमध्ये ब-१२ ची पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. ब-१२ हे मुख्यतः मांसाहार, अंडी आणि दुधातून मिळते. त्यामुळे काटेकोर शाकाहारी कुटुंबांत त्याची उणीव सहज निर्माण होते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. शिवाय ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करते, त्यांच्यापैकी काहींमध्ये ती जठराच्या आवरणावरही हल्ला करते. मग ब-१२ आतड्यांत नीट शोषले जात नाही.

हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण ही ब-१२ च्या अभावाची लक्षणे दुर्लक्षिली, तर मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. थायरॉईडची गोळी ही उणीव भरून काढत नाही. नुसते फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. लोहाची गोष्टही अशीच. थायरॉईडची संप्रेरके बनवणाऱ्या विकराला लोहाची गरज असते आणि मासिक पाळीत जादा रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांत लोहाची कमतरता नेहमीची असते.

जीवनसत्त्व ड साठी आठवड्यातून एकदा घेण्याची ६०,००० युनिटची पुडी अनेक घरांत परिचित आहे. तिचा काळ ठरलेला असतो. तो संपल्यावरही ती मनाने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम घातक पातळीवर जाऊ शकते.

गोळ्यांचे वेळापत्रक

आता त्या घाटकोपरच्या स्त्रीकडे पुन्हा वळू. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच अडवून ठेवतात. चहा-कॉफीनेही तिचे शोषण कमी होते. म्हणून ही गोळी उपाशीपोटी, केवळ पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील अँटासिड यांच्यात आणि तिच्यात किमान ४ तासांचे अंतर ठेवावे. पहाटे उठताच थायरॉईडची गोळी, डबे भरून झाल्यावर चहा, दुपारच्या जेवणाबरोबर लोह आणि रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, अशी मांडणी केली तर लोकल-मेट्रोच्या धावपळीतही हे साधते.

मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनीच चाचणी करावी. त्याआधी टीएसएच स्थिरावत नाही. पहाटे आणि दुपारी टीएसएच वेगवेगळा येतो, म्हणून शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी रक्त द्यावे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन काही यंत्रांवरील चाचणीला चकवते. टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. अशा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगून किमान दोन दिवस आधी त्या थांबवाव्यात.

टीएसएच मर्यादेत आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तो गोळीमुळेच मर्यादेत आलेला असतो. गर्भधारणा झाल्याचे कळताच डॉक्टरांना त्वरित भेटावे, कारण बाळाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या संप्रेरकांवर अवलंबून असते आणि मात्रा बहुधा वाढवावी लागते.

अहवाल मोबाइलवर आला, तरी तो वाचण्याचे काम डॉक्टरांचे. त्यांच्याकडे जाताना जुने अहवाल, चालू असलेल्या साऱ्या गोळ्यांची यादी आणि त्या घेण्याच्या वेळा, एवढे बरोबर न्यावे. मात्रा वाढवायची की केवळ गोळीची वेळ बदलायची, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या यादीतच सापडते.