21 किलोमीटर म्हणजे भरतीचं ग्राउंड नव्हे

पहाटे सव्वापाचला आमच्या पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर दुधाचे क्रेट उतरत असतात. ज्या गल्लीत नळाला पाणी आलेलं असतं तिथे मोटारी घुरघुरत असतात. अशा वेळी पाठीला सॅक लावलेली विशीतली पोरं-पोरी गजानन महाराज मंदिराच्या बाजूने गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालेली दिसतात. ही भरतीची मुलं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. सेकंद चुकला की गुण गेले आणि गुण गेले की वर्ष गेलं, म्हणून ती जीव तोडून पळतात. आमच्या भागात ‘धावणं’ या शब्दाचा अर्थ याच मुलांनी ठरवला आहे.

म्हणूनच इथला एखादा पस्तिशी-चाळिशीचा माणूस हाफ मॅरेथॉनचं नाव काढतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भरतीच्या 1600 मीटरची लागोपाठ तेरा ग्राउंड उभी राहतात. माझ्याही राहिली होती. पहिल्या दिवशी मी त्या मुलांच्या मागे लागलो. दोन फेऱ्यांत छाती भरून आली, घशात लोखंडाची चव आली. कठड्याला धरून उभा राहिलो आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून घरी आलो. त्या एका चुकीच्या समजुतीपायी माझे सहा महिने गेले. पुढे 21 किलोमीटर पूर्ण झाले ते पाय मजबूत होते म्हणून नव्हे, वेग सोडायला शिकलो म्हणून. आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात तेव्हा त्याच त्या शंका पुन्हा ऐकू येतात. त्यांचीच उत्तरं इथे देतो.

‘दम लागला नाही तर ते धावणंच नव्हे’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच, म्हणून आधी यावर बोलू. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे तर किलोमीटरला साधारण 3 मिनिटं 26 सेकंद पडतात. त्या वेगाला शरीराला ऑक्सिजन पुरत नाही, दम लागणारच. हाफ मॅरेथॉनचं अंतर 21.0975 किलोमीटर. ते अडीच तासांत पूर्ण करायचं तर किलोमीटरला 7 मिनिटांहून थोडा जास्त वेळ मिळतो आणि तीन तासांत करायचं तर साडेआठ मिनिटं. या अंतराची जवळजवळ सगळी ऊर्जा शरीर ऑक्सिजनच्या मदतीनेच तयार करतं. ती क्षमता वाढते सावकाश, लांब धावण्याने. स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात आणि हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. रोज धापा टाकत दोन किलोमीटर पळणाऱ्याला हे फारसं मिळत नाही. त्याला मिळतो थकवा आणि नडगीचं दुखणं.

आपल्याच मराठवाड्याचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी 29 नोव्हेंबर 2020 रोजी दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. 61 मिनिटांच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले भारतीय. सरासरी काढली तर किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, बघा, असं पळावं लागतं! पण लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंच्या सरावाचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर या शास्त्रज्ञाला वेगळंच दिसलं. या धावपटूंचा सुमारे 80 टक्के सराव सोप्या वेगाने होतो. शर्यतीत आपल्याला त्यांचा वेग दिसतो, त्यामागचे महिनोन् महिन्यांचे सावकाश किलोमीटर दिसत नाहीत.

योग्य वेग ओळखायला घड्याळाची गरज नाही. सोबत्याला ‘पाणी परवा येणार होतं, आज कसं आलं?’ हे वाक्य मध्ये श्वास न तोडता विचारता आलं, की वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. सुरुवातीला हा वेग भरभर चालण्याइतकाच निघतो आणि त्याची लाज वाटते. शेजारून भरतीची मुलं सुसाट जातात, दुधवाला हसून ‘अहो, पळा की जोरात’ म्हणतो. म्हणू द्या. आठ-दहा आठवड्यांत तेवढ्याच श्वासात तुम्ही आपोआप पुढे जायला लागता.

‘मध्ये चाललो तर ती मॅरेथॉन कसली?’

चालणं ही हार नाही, पद्धत आहे. जेफ गॅलोवे हे 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू. त्यांनी धावण्यात ठरवून चालण्याचे टप्पे घालायची रीत रूढ केली आणि तिच्या जोरावर असंख्य नवख्यांनी लांब अंतरं पूर्ण केली. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. अट एकच, दमल्यावर नव्हे, दमण्याच्या आधी आणि पहिल्या किलोमीटरपासून चालायचं. 15 किलोमीटरनंतर नाइलाजाने चालायला लागलेला माणूस पुन्हा धावू शकत नाही. ठरवून चालणारा शेवटपर्यंत धावतो.

आणि 21 किलोमीटर हे अंतर आपल्या माणसांना नवं का वाटावं? ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची पुणे ते सासवड ही एकच मजल तीसेक किलोमीटरची, त्यात दिवेघाट. डोक्यावर तुळस घेतलेल्या साठीच्या बायका ती चालून जातात. अंतर पायांना झेपतं. झेपत नाही ती घाई.

‘शर्यतीआधी एकदा 21 पूर्ण करून बघायला हवं’

गरज नाही. सरावात 16 ते 18 किलोमीटर नीट झाले, तर उरलेले तीन ते पाच त्या दिवशीच्या ताज्या पायांवर होतात. पूर्ण अंतराची हौस सरावात भागवणारे पुष्कळदा शर्यतीच्या दिवशी थकलेले असतात. शेवटचे दहा-बारा दिवस धावणं कमीच करायचं. ताकद सरावात नव्हे, सरावानंतरच्या विश्रांतीत वाढते. नवख्यांना हे पटत नाही आणि शेवटच्या आठवड्यात घाबरून ते जास्तच धावतात.

‘गुडघ्याचं वंगण संपेल’

घरातली मोठी माणसं हे हमखास म्हणतात, काळजीपोटीच म्हणतात. पण गुडघा म्हणजे स्कूटरचं बेअरिंग नाही. त्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर खेळायला दाब आणि हालचाल लागते. स्पंज दाबावा, सोडावा, तसं. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्या-खुब्याची झीज बैठं जीवन जगणाऱ्यांत 10.2 टक्के होती, तर हौशी धावणाऱ्यांत 3.5 टक्के. याच आढाव्यात स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ती 13.3 टक्के होती. म्हणजे अति केलं तर धोका आहे, हेही खरं. शिवाय निरोगी गुडघ्यांचीच माणसं धावत राहतात, हा मुद्दाही धरायला हवा. तरीही हौशी धावण्याने गुडघे झिजतात, या समजाला या आकड्यांत आधार मिळत नाही.

मग नव्याने धावणाऱ्यांचे गुडघे दुखतात ते का? बहुतेक वेळा वाटीच्या भोवती दुखतं आणि कारण असतं मांडी-कमरेचे कच्चे स्नायू किंवा एकदम वाढवलेलं अंतर. गेल्या रविवारी सहा किलोमीटर आणि या रविवारी बारा, हे करू नका. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि पायऱ्यांवर चढ-उतार करा. एक गोष्ट माझ्या अनुभवाची. आपल्या रस्त्यांच्या कडा पाणी जायला उतरत्या असतात. रोज एकाच कडेने धावलं, की एक पाय सतत खाली पडतो. मला उजव्या गुडघ्याचं दुखणं महिनाभर कळेना. ते या कडेमुळे असावं असं वाटून फेऱ्यांची दिशा बदलली आणि ते गेलं. लंगडायला लावणारं किंवा सूज आणणारं दुखणं असेल, आधीचा संधिवात असेल, लिगामेंटची जुनी दुखापत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञाला भेटा.

‘जितकं जास्त पाणी, तितकं बरं’

ज्या शहरात नळाच्या पाण्याची वाट बघत दिवस मोजतात, तिथे पाणी जास्त झालं असं म्हणणं जिवावर येतं. तरीही हे सांगायलाच हवं, कारण इथे चूक महागात पडते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी शर्यत संपवलेल्या 488 जणांचं रक्त तपासलं. त्यातल्या 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेलं होतं आणि तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. कोणाचं गेलं? ज्यांचं वजन धावून कमी होण्याऐवजी वाढलं होतं त्यांचं, आणि रस्त्यावर जास्त वेळ राहणाऱ्या हळू धावपटूंचं. म्हणजे आपल्यासारख्यांचंच. जोरात धावणाऱ्याला पाणी प्यायला सवडच नसते. आपण प्रत्येक टेबलापाशी थांबतो, स्वयंसेवक मुलं प्रेमाने दोन-दोन ग्लास हातात देतात आणि आपण पितो. मीठ-साखरेचं पाणी प्यायलं तरी अति प्यायल्याचा धोका टळत नाही.

तहान लागली की दोन-चार घोट, हा सोपा नियम बहुतेकांना पुरतो. आपल्याला घाम किती येतो हे घरच्या घरी कळतं. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झालं, तर साधारण लिटरभर घाम गेला. वजन वाढलं, तर पाणी जास्त झालं. धावल्यानंतर डोकं दुखून मळमळत असेल, बोटं सुजून अंगठी घट्ट झाली असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांकडे न्या.

उलट बाजूही तितकीच खरी. ऑक्टोबरच्या उन्हात साडेसातनंतर लांब धावलात तर शरीर तापून धोका होतो. त्यावर उपाय जास्त पाणी नाही, लवकर उठणं आहे. आणि ‘दुखू नये म्हणून’ आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

‘तीन दिवस आधीपासून भरपूर खायचं’

धावताना किलोला, किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. 65 किलोच्या माणसाला 21 किलोमीटरला 1400 च्या आत. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर नीट जेवलेल्या माणसाकडे याहून जास्तच असते. पूर्ण मॅरेथॉनमध्ये 30 किलोमीटरच्या सुमारास जो गळाठा येतो, त्याची धास्ती इथे नको. आदल्या दिवशी दुपारी पोटभर वरण-भात किंवा भाकरी-भाजी, रात्री हलकं आणि सकाळी निघण्याआधी तासभर एक केळं एवढं पुरे. दोन तासांहून जास्त लागणार असतील, तर वाटेत केळं, खजूर, गुळाची चिक्की, जे सरावात पचलेलं आहे तेच खा. शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. नवी जेल नको, नवे मोजे नकोत आणि नवे बूट तर नकोतच.

बुटांचंही एका वाक्यात सांगतो. महागडा बूट दुखापत टाळतो असा पुरावा नाही, पायाला सुखाचा वाटतो तो बूट खरा, फक्त पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात ते ‘लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे’ नव्हे. ते ॲसिड तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या बारीक चिरा. त्या चार-पाच दिवसांत भरून येतात.

‘हृदयावर ताण येतो’, ‘बायकांना झेपत नाही’

धावताना कोणी कोसळल्याची बातमी येते तेव्हा सगळं घर घाबरतं. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे 1 कोटी 9 लाख लोकांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदय बंद पडण्याच्या 59 घटना आढळल्या. हाफ मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखात 0.27 होतं, पूर्ण मॅरेथॉनमध्ये 1.01. धोका छोटा आहे, पण शून्य नाही. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर सरावाआधी तपासणी करा. धावताना छातीत दाब आला किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबा. शर्यत पुढच्या वर्षीही आहे.

बायकांबद्दलचा समज तर ऑलिम्पिकनेच अनेक दशकं जपला. 1928 नंतर बायकांची 800 मीटरची शर्यत बंद केली, ती 1960 मध्ये पुन्हा सुरू झाली. बायकांची मॅरेथॉन यायला 1984 साल उजाडलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा या समजाला आणखी वेगळ्या उत्तराची गरज उरली नाही. बायकांच्या बाबतीत खरी अडचण असते हिमोग्लोबिनची. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. लवकर दम लागतो म्हणून स्वतःला दोष देण्याआधी रक्त तपासून घ्या.

आपल्या शहरातली महामॅरेथॉन डिसेंबरच्या थंडीत होत आली आहे. तिथून मागे मोजलं तर गणपतीच्या सुमारास सुरुवात करावी लागते. आठवड्यात दोन दिवस अर्धा-पाऊण तास सावकाश, एक दिवस थोडा वेग, रविवारी लांब धाव, बाकी विश्रांती. रविवारचं अंतर किलोमीटर-दीड किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करा. गणपती बसले की पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला निघा, पाच किलोमीटर करा, सोबत्याशी बोलत बोलत.