धूर टायरचा, हिशेब ऊर्जेचा

मित्रांनो, निरोप समारंभ जवळ आला की होस्टेलमध्ये एक चर्चा हमखास रंगते: घरची कार कोण आणणार आणि 'बर्नआउट' कोण मारणार! गाडी जागच्या जागी, चाक गरगर फिरतंय आणि सगळीकडे धूर. दिसायला भारीच. पण आपण इंजिनिअर होणार ना? मग आत काय घडतं तेही बघू.

मी मोहाडीचा. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. चिखलणीच्या वेळी बांधीत ट्रॅक्टर फसला की एक चाक जोरात फिरतं, दुसरं ढिम्म. लगेच कुणीतरी ओरडतो, "लॉक दाब ना गा!" हे डिफरन्शिअल लॉक. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शिअल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण एका चाकाची पकड सुटली की सगळा वेग तिकडेच जातो. आपल्या साध्या कारमध्ये असं लॉक नसतं. त्यामुळे बर्नआउटमध्ये बहुधा एकच चाक फिरतं.

आता गंमत बघा. स्पीडोमीटर दोन्ही चाकांची सरासरी दाखवतो. एक चाक स्थिर आणि काटा 100 वर, म्हणजे दुसरं चाक ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने फिरतंय! टायरवर 'टी' हे अक्षर असेल तर त्याची मर्यादा 190. शिवाय वेग दुप्पट झाला की टायरला बाहेर खेचणारं बल चौपट होतं. टायर फुटला तर तुकडे आधी जातात ते बाजूला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांकडे.

उष्णतेचं गणितही सोपं आहे. गाडी हलत नाही, म्हणजे चाकापर्यंत पोचलेली ताकद जवळजवळ सगळी घर्षणात जाते. 30 किलोवॅट गुणिले 10 सेकंद, म्हणजे 300 किलोज्यूल. एवढ्यात 30 अंशांचं लिटरभर पाणी उकळीला येतं. इथे ती उष्णता रबराच्या पातळ थरात कोंडते. रबर मऊ होतं, त्यातली तेलं आणि गंधकाची संयुगं जळून धूर होतो. तो छातीत जातो ते वेगळंच.

ड्रॅग रेसिंगवाले बर्नआउट करतात ते खास मऊ टायर गरम करून पकड वाढवायला, बंद ट्रॅकवर, अग्निशमनाची सोय ठेवून. आपल्या रोजच्या टायरचा त्यात फक्त नाश होतो. क्लच जळतो, डिफरन्शिअलचे छोटे गिअर झिजतात. आणि धुरात काही दिसत नसताना टायरने अचानक पकड घेतली, तर गाडी समोरच्या घोळक्यात शिरते.

सगळ्यात वाईट नुकसान डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतले थर उष्णतेने सुटू लागतात, वरून मात्र टायर ठीकठाक. दुसऱ्या दिवशी बाबा त्याच गाडीत आईला बसवून भंडाऱ्याहून नागपूरला निघतात. भर उन्हात, तापलेल्या हायवेवर.

कायदाही आहे बरं का! 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

तेव्हा दोस्तांनो, निरोपाला नाचा, गा, ढोल वाजवा. आणि एखाद्याने असं केलंच असेल, तर लाज न बाळगता घरी सांगा आणि टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या. बाबांच्या रागापेक्षा तो टायर जास्त धोक्याचा आहे.