‘जे’ संगणकभाषा : संक्षेपाचे सामर्थ्य आणि त्याचा जाच

प्रस्तावना :
बहुतेक संगणकभाषांमध्ये एकेका संख्येवर क्रिया करण्याची आज्ञा द्यावी लागते व तिची पुनरावृत्ती घडविण्यासाठी ‘लूप’ची स्वतंत्र रचना करावी लागते. अ‍ॅरे-भाषांमध्ये मात्र संपूर्ण यादी किंवा संपूर्ण कोष्टक हेच क्रियेचे एकक असते. या परंपरेचे जनक केनेथ आयव्हरसन होत. त्यांनी योजिलेली चिन्हपद्धती १९६२ मध्ये ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथातून प्रसिद्ध झाली आणि ग्रंथनामाच्या आद्याक्षरांवरून ‘एपीएल’ ही भाषा ओळखली जाऊ लागली. १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एपीएलची विशेष चिन्हे सामान्य कळफलकावर नव्हती. ही अडचण टाळणारी ‘जे’ ही भाषा आयव्हरसन व रॉजर हुई यांनी १९९० मध्ये पुढे आणली. या भाषेत लाभणारा आनंद आणि होणारा मनस्ताप ही दोन्ही एकाच मुळातून कशी उद्भवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चिन्हांचे व्याकरण :
जे भाषेत विदेला ‘नाम’, क्रियेला ‘क्रियापद’ व क्रियेचे स्वरूप पालटणाऱ्या चिन्हाला ‘क्रियाविशेषण’ असे संबोधतात. भाषाविषयाच्या अध्यापकांना ही परिभाषा गणिताच्या अध्यापकांपेक्षा जवळची वाटेल! बेरजेच्या + या क्रियापदाला / हे क्रियाविशेषण जोडले, की यादीतील सर्व घटकांची बेरीज होते. # हे चिन्ह घटक मोजते, तर % हे भागाकाराचे चिन्ह आहे. म्हणून सरासरीची संपूर्ण आज्ञावली अशी :

(+/ % #) ४ ६ ८

उत्तर येते ६. तीन क्रियापदे शेजारी आली, की कडेची दोन विदेवर स्वतंत्रपणे चालतात आणि मधले त्यांची फलिते एकत्र करते. बेरीज भागिले संख्या, ही सरासरीची व्याख्याच येथे आज्ञावली बनते. साठ विद्यार्थ्यांचे पाच विषयांतील गुण कोष्टकरूपात (ओळीत विद्यार्थी, स्तंभात विषय) दिल्यास हीच आज्ञा, एक चिन्हही न बदलता, पाच विषयांच्या पाच सरासऱ्या देते. लूप लिहिण्याची सवय जडलेल्या अभ्यासकाला हा अनुभव चकित करतो, आणि तो पुढेही फारसा शिळा होत नाही.

आता कंस काढून टाकावा :

+/ % # ४ ६ ८

या वेळी उत्तर येते ०.३३३३३३. कंसाअभावी वाचन उजवीकडून होते. # ने घटक मोजले, ३. % च्या डावीकडे आता नाम नाही, म्हणून ते भागाकार न करता व्यस्तांक काढते. त्या एकाच संख्येची ‘बेरीज’ म्हणजे तीच संख्या. चुकीची सूचना कोठेही येत नाही. लांबी न जुळणाऱ्या दोन याद्यांची बेरीज मागितली तर ‘लेंग्थ एरर’ असा त्रोटक का होईना इशारा मिळतो; येथे तोही नाही. चिन्हे विचित्र दिसतात ही तक्रार त्यामानाने किरकोळ होय, ती काही आठवड्यांत विरते. खरा जाच हा, की चिन्हाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असतो.

क्रियांचा अग्रक्रमही या भाषेत नाही. १० - ३ - २ याचे उत्तर ५ नसून ९ येते. क्रियापदे इतकी असताना प्रत्येकाचा अग्रक्रम पाठ ठेवणे अशक्य, ही आयव्हरसन यांची भूमिका तर्कशुद्ध आहे. पण शालेय गणिताचे संस्कार तर्काने पुसले जात नाहीत.

उपयोजनाचा प्रश्न :
एखाद्या विभागाच्या अंतर्गत मूल्यमापनाची आज्ञावली एकाच अध्यापकाने जे भाषेत लिहिली आणि त्याची बदली झाली, तर मागे राहिलेल्यांनी काय करावे? चार ओळींची आज्ञावली चाळीस ओळींच्या आज्ञावलीपेक्षा तपासण्यास सोपी असते, परंतु ती वाचू शकणारा तेथे असावा लागतो. मधल्या क्रियांना अर्थपूर्ण नावे दिल्याने हा धोका बराच कमी होतो. २०११ मध्ये या भाषेचा मूळ स्रोत मुक्त परवान्याखाली खुला झाल्याने खर्चाची अडचण उरलेली नाही. पायथॉनमधील ‘नमपाय’ वापरणाऱ्यांना संपूर्ण कोष्टकावर एकदम क्रिया करण्याची कल्पना आधीच परिचित असते. विदेचे नावही न घेता तीन क्रियापदे नुसती शेजारी ठेवून नवे क्रियापद घडविणे मात्र तेथे साधत नाही. त्यासाठी जे भाषेसारख्या भाषेकडे यावे लागते.