अक्षरांवरून शब्दाचा शोध

इंग्रजी कोशात एखादा ज्ञात शब्द शोधून काढणे फारसे कठीण नसते. कारण आरंभीच्या अक्षरापासून क्रमाक्रमाने शब्द लावावेत, अशीच कोशाची रचना असते. परंतु प्रश्न किंचित बदलला की हाच कोश मुका होतो. ‘क्यू, ए आणि आय ही तीन अक्षरे ज्यांत कोठे ना कोठे आली आहेत, असे शब्द कोणते?’ असे विचारले, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोश चाळण्यावाचून गत्यंतर नाही. ‘क्वेल’ हा पक्षी क्यूच्या विभागात सापडेल, ‘अँटीक’ हा शब्द एच्या विभागात, तर ‘सिक्वोया’ हा अमेरिकेतील उत्तुंग वृक्ष एसच्या विभागात. उत्तर कोशात आहेच. पण ते दुसऱ्याच प्रश्नाच्या सोयीने मांडलेले आहे. शोध सुकर करावयाचा तर मांडणी बदलली पाहिजे.

तीच अक्षरे, निराळे शब्द

प्रथम सोपा प्रश्न घेऊ. ओ, पी, एस, टी या चार अक्षरांपासून, एकही न वगळता व एकही न वाढविता, कोणते शब्द होतात? चार भिन्न अक्षरे २४ प्रकारांनी मांडता येतात. तेव्हा प्रत्येक मांडणी तपासता येईल. परंतु सात भिन्न अक्षरांच्या मांडण्या ५,०४० आणि दहांच्या ३६,२८,८०० होतात. हा मार्ग लवकरच खुंटतो.

दुसरा मार्ग असा : कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावावीत आणि त्या क्रमाला त्या शब्दाची किल्ली मानावी. ‘स्टॉप’, ‘पोस्ट’, ‘स्पॉट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’ आणि ‘ऑप्ट्स’ या सहाही शब्दांची किल्ली एकच येते : ओ-पी-एस-टी. या किल्ल्यांची सूची एकदा सिद्ध झाली, म्हणजे विचारणाऱ्याने आपली अक्षरे क्रमाने लावावीत व सूचीतील तेवढीच एक नोंद पाहावी. श्रम पुष्कळ, पण ते एकदाच करावयाचे.

गंमत अशी की, शोधाला उपयोगी पडणारी हीच युक्ती गुप्ततेलाही उपयोगी पडली आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७६ मध्ये आपला एक सिद्धांत चौदा अक्षरे वर्णानुक्रमाने लावून प्रसिद्ध केला. शोधाचा अग्रमान आपल्याकडे राहावा, पण शोध इतरांना कळू नये, हा त्यातील हेतू. त्या अक्षरांच्या साठ कोटींहून अधिक मांडण्या संभवतात. १६७८ मध्ये त्याने स्वतःच उलगडा केला. ‘जसा ताण, तसे बल’ अशा अर्थाचे ते लॅटिन वाक्य होते. स्प्रिंगसंबंधीचा हुकचा नियम तो हाच.

प्रकाशाची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शब्दात हवी असलेली अक्षरे आहेत, पण त्यांखेरीज इतरही आहेत. येथे किल्लीची सूची पुरी पडत नाही. कारण परकी अक्षरे मध्ये घुसतात.

यावर उपाय म्हणून शंभर शब्दांना क्रमांक द्यावेत. मग प्रत्येक अक्षरासाठी एक, असे सव्वीस कागद घेऊन प्रत्येकावर शंभर चौकटी आखाव्यात. ‘क्वेल’चा क्रमांक ३७ असेल, तर क्यू, यू, ए, आय व एल या पाचही कागदांवर ३७ व्या चौकटीत छिद्र पाडावे. सर्व शब्दांचे असे करून झाल्यावर क्यू, ए व आय हे तीन कागद काटेकोरपणे एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरावेत. जेथून प्रकाश आरपार येईल, तेच इष्ट शब्द! विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील काही ग्रंथालयांत व उद्योगसंस्थांत संदर्भ शोधण्यासाठी याच तत्त्वाची छिद्रित कार्डे वापरीत असत.

‘हेही आणि तेही’ या संबंधाचे बीजगणित जॉर्ज बूल याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. आजचा संगणक तेच करतो. प्रत्येक शब्दासाठी तो सव्वीस स्थाने राखतो. अक्षर असेल तेथे १, नसेल तेथे ०. छिद्राच्या जागी एक आला, एवढाच काय तो फरक.

मूळ संख्यांची मदत

छिद्रांच्या पद्धतीत एक उणीव आहे. अक्षर आहे की नाही, हे ती सांगते. ते किती वेळा आले, हे सांगत नाही. येथे शाळेतील अंकगणित साहाय्यास येते. एला २, बीला ३, सीला ५, डीला ७, ईला ११, याप्रमाणे प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यावी. झेडच्या वाट्याला १०१ येईल. शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार ही त्या शब्दाची संख्या. बी-ई-डी म्हणजे ‘बेड’ याची संख्या २३१; बी-ई-ए-डी म्हणजे ‘बीड’ याची ४६२. २३१ ने ४६२ ला निःशेष भाग जातो; म्हणून पहिल्या शब्दाची सर्व अक्षरे दुसऱ्यात आहेत. दोन ई हव्या असतील, तर १२१ ने भागून पाहावे. डी-ई-ई-डी या ‘डीड’ची संख्या ५,९२९; तिला भाग जातो, २३१ ला जात नाही. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या नियमावर ही पद्धत उभी आहे. मात्र लांब शब्दांच्या संख्या फार मोठ्या होतात, हे तिचे मोल होय.

हे सारे इंग्रजीत सहज साधते, कारण तेथील अक्षरे सुटी व मोजकी आहेत. देवनागरीसाठी अशी सूची करावयाची तर ‘स्त्री’ हे एक अक्षर मानावे, की त्यातील स, त, र व ई वेगळे धरावेत, याचा निर्णय आधी करावा लागेल. घटक निश्चित केल्याखेरीज वर्गीकरण नाही, आणि वर्गीकरणाखेरीज शोध नाही. वनस्पतींच्या नोंदी असोत की ग्रंथालयातील पुस्तके, हा नियम सर्वत्र सारखाच लागू पडतो.

विद्यार्थ्यांनी आपल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील शंभर शब्द घेऊन सव्वीस कागदांचा हा संच वर्गात अवश्य करून पाहावा. पहिले छिद्र पाडण्यापूर्वी ‘एज्युकेशन’ या शब्दात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आहेत काय, हे मात्र त्यांनी स्वतः पडताळून घ्यावे.