उल्हास आणि पेज यांच्या कांठच्या पाऊलवाटा

पायीं चालणें ही आपल्याकडे कधींच नुसती करमणूक नव्हती. आपले पूर्वज चालले ते तीर्थासाठीं, वारीसाठीं, विद्येसाठीं किंवा दक्षिणेच्या आशेनें. पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं पायीं उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले, ते घरचें कर्ज फेडावें म्हणून. नर्मदेची परिक्रमा करणारा मनुष्य दीर्घ काळ नदीकांठीं काढतो, पण त्याची दृष्टि पुण्याकडे असते. केवळ नदी, शेतें आणि रान पाहावें म्हणून चालण्याची हौस ही युरोपीय लोकांची, अशी आपली समजूत झालेली आहे. स्पेन देशांतील लहान लहान गांवांभोंवतीं देखील चालणाऱ्यांसाठीं वाटा आंखलेल्या असून दगडांवर व झाडांवर रंगांचे पट्टे ओढून त्यांच्या खुणा केलेल्या असतात. मुलेंबाळें घेऊन घरचीं वडीलधारीं माणसेंही त्या वाटांनीं जातात. हें ऐकून आपल्याकडील मंडळी हळहळतात कीं, आपल्या नशिबीं असें कांहीं नाहीं.

वस्तुतः करी रोडच्या माणसानें असें म्हणूं नये. येथून धीम्या गाडीनें दादरास जावें आणि तेथें कर्जतची गाडी धरावी. दोन-अडीच तासांत आपण सह्याद्रीच्या पायथ्याशीं असतों. खिशाला भार नाहीं, मुक्कामाची दगदग नाहीं. सकाळचा चहा घरीं आणि रात्रीचें जेवणही घरीं. बदलापूर सोडल्यावर वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड अशीं स्टेशनें जातात आणि उल्हास नदी मधून मधून दर्शन देते. ही नदी राजमाचीच्या दऱ्यांत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीस मिळते. माथेरानास जाणारे लोक नेरळास उतरतात आणि बाकीचा प्रांत खिडकींतून पाहून संतोष मानतात. माथेरान सुंदर आहे यांत शंका नाहीं, पण त्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. मला सांगावयाचें आहे तें खालच्या सखल मुलखाविषयीं.

कर्जतच्या ईशान्येस पेज नांवाची नदी आहे. कोंकणी माणसाच्या पोटास आधार देणाऱ्या पदार्थाचें आणि हिचें नांव एक असावें हा योगायोग असेल, पण या भागास ती शोभते खरी. कोंकणांतील नद्यांचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे : श्रावणांत थैमान आणि फाल्गुनांत कोरडे खडक. पेज मात्र भर वैशाखांतही वाहते. याचें कारण घाटमाथ्यावर आहे. मावळांतील आंद्रा नदीवर ठोकरवाडी येथें टाटांनीं धरण बांधलें आणि तेथील पाणी मोठ्या नळांतून घाटाखालीं पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून सोडून १९२२ सालीं भिवपुरी येथें वीजघर सुरू केलें. (हें भिवपुरी गांव भिवपुरी रोड स्टेशनापासून बरेंच दूर, डोंगराच्या कुशींत आहे, नवख्यानें नांवावरून फसूं नये.) चाकें फिरवून मोकळें झालेलें पाणी पेजेंत येतें. आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. म्हणजे जें पाणी देहू-आळंदीवरून भीमेंत व पुढें पंढरपुरास जावयाचें, त्यांतील बराच भाग तोंड फिरवून पश्चिम समुद्राकडे जातो. देशावरच्या लोकांस हें रुचत नाहीं आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें मला वाटत नाहीं.

आमच्या करी रोड-लालबागच्या माणसास या पाण्याचें एक निराळें अगत्य आहे. टाटांची खोपोलीची वीज १९१५ सालीं मुंबईंत आली आणि पाठोपाठ भिवपुरीचीही आली. परळ भागांतील गिरण्यांच्या चात्या व माग त्या विजेवर फिरूं लागले. आमच्या परिसरांत भोंगा वाजे, तेव्हां त्यामागें सह्याद्रीवरून उतरणारें तें पाणी असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या आणि त्यांच्या जागीं काचेचे मनोरे उभे राहिले. पाणी मात्र अजून उतरतच आहे. पेजेच्या कांठीं प्रथम उभा राहिलों तेव्हां हा संबंध मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

कर्जतहून कशेळ्यापर्यंत वाहनानें जावें आणि तेथून परतीची वाट पायीं धरावी. नदीचें पाणी राजनाल्याच्या कालव्यानें शेतांस दिलेलें असल्यामुळें इकडे उन्हाळ्यांतही भाताचें दुसरें पीक उभें असतें. चैत्रांत सभोंवतालचे डोंगर करपलेले आणि मध्यें हिरवागार पट्टा, हें दृश्य कोंकणांत विरळा. वाट सपाट आहे, चढ नाहीं. साठी उलटलेल्यांस आणि सातआठ वर्षांच्या मुलांस सारखीच सोयीची. बांधावरून चालावें, पिकांत पाय घालूं नये, भेटेल त्यास रस्ता विचारावा. असें विचारीत विचारीत कडावपर्यंत आलें म्हणजे तेथें बाल दिगंबर गणेशाचें देऊळ आहे; देवळांत बसून घरून आणलेल्या दशम्या सोडाव्या. एक सूचना मात्र विसरूं नये. वीजघर ज्या प्रमाणांत चालेल त्या प्रमाणांत पेजेचें पाणी कमीजास्त होतें. सकाळीं घोट्याइतकें दिसलें म्हणून दुपारीं मुलांस त्यांत सोडणें म्हणजे संकटास आमंत्रण.

ज्यांचे पाय अधिक दमाचे आहेत त्यांनीं उल्हासेच्या कांठानें वर जावें. कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत वाहन मिळतें. तेथून ओढा व रान ओलांडीत कोंढाण्याच्या लेण्यांशीं पोंचतां येतें. हीं बौद्ध लेणीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं, राजमाचीच्या पायथ्याशीं दाट झाडींत दडलेलीं. चैत्यगृहाचे बहुतेक खांब पाण्यानें झिजून खालीं तुटले आहेत, आणि तरीही दर्शनी कमानीचा डौल पाहातच राहावा असा आहे. तेथें एका कोरीव मूर्तीपाशीं ब्राह्मी अक्षरांत, प्राकृतांत, एक ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच कीं, कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें. अंतेवासी म्हणजे गुरूपाशीं राहणारा शिष्य. एवढें काम करून या मनुष्यानें आपली ओळख सांगितली ती गुरूच्या नांवानें! ज्यानें आयुष्यभर खडू हातीं धरला त्यास ती ओळ वाचून काय वाटलें असेल तें सांगावयास नको.

लेण्यांच्या पुढें चढून राजमाचीवर जातां येतें. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि मध्यें उधेवाडी. ज्येष्ठाच्या तोंडीं, पहिल्या सरींपूर्वीं, तेथील झाडांवर काजव्यांचे थवेच्या थवे लखलखतात. पण तो तरुणांचा मार्ग. आम्हीं लेण्यांपासूनच परतावें.

आतां ज्यासाठीं मुख्यतः लेखणी धरली तें. या वाटा मोडत आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कर्जत तालुक्यांत मुंबईकरांनीं जमिनी घेऊन बंगले बांधले. घेणारे आपल्याच ओळखीचे, आपल्याच वर्गांतले. कदाचित् हा अंक त्यांच्या दिवाणखान्यांतही जात असेल. बंगला बांधण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु नदीपर्यंत भिंत घालून, जिच्यावरून गांव पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आला ती पाऊलवाट पोटांत घेणें हें शिष्टाचारांत बसत नाहीं. गेल्या माघांत एका ठिकाणीं वाट अशीच भिंतीवर जाऊन थांबली. मागून लाकडाची मोळी घेतलेली एक कातकरी बाई येत होती. तिला विचारलें तर म्हणाली, “वाट मोडली, बाबा. आतां तिकडून फिरून येतें.” तिकडून म्हणजे टेकडीस वळसा घालून. आमची एका दिवसाची सहल अडली; तिचा रोजचा अधिक तास गेला. कोणी अर्ज केला का, हें विचारतांच ती हंसली.

स्पेनचें उदाहरण येथें पुन्हां उपयोगी पडतें. तेथें मेंढपाळांच्या वाटा मध्ययुगापासून राखलेल्या आहेत. मेंढपाळांच्या संघास दहावा आल्फोन्सो या राजानें १२७३ सालीं सनद दिली. कळप कमी झाले, आगगाड्या आल्या, वाटांवर घरें चढूं लागलीं; तेव्हां १९९५ सालीं कायदा करून त्या सार्वजनिक मालकीच्या ठरविल्या. त्यांतील मोठ्या वाटा पंचाहत्तर मीटरांपर्यंत रुंद आहेत. शरदांत माद्रिद या राजधानीच्या भर रस्त्यांवरून मेंढ्यांचा कळप नेण्याचा सोहळा १९९४ पासून होतो, तो आपला हक्क जिवंत आहे हें दाखविण्यासाठींच.

आपल्याकडे कायदा नाहीं असें नाहीं. गांवनकाशांत तुटक रेषेनें पायमार्ग दाखविलेला असतो. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. वहिवाटीची वाट शेताकडे किंवा चराऊ रानाकडे जात असून कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पांचव्या कलमान्वयें तहसीलदार ती मोकळी करवूं शकतात. परंतु अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज व्हावा लागतो, आणि मोळीवाल्या बाईस हें कोण सांगणार? ज्यांच्या घरांत दोन-तीन वकील आहेत अशीं कुटुंबें आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. सहलीस जातांना त्यांतील एकानें गांवनकाशाची प्रत खिशांत ठेवली तर गांवास तिचा उपयोग होईल.

जाण्याचा उत्तम काळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. आषाढ-श्रावणांत धबधब्यांच्या मोहानें तरुण मंडळी या भागांत लोटतात आणि दरसाल कोणाचा तरी जीव जातो. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांस अनेकदां मनाईहुकूम काढावे लागले आहेत. २०१९ च्या जुलैंत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारें एक हजार उतारूंना होड्यांतून काढावें लागलें, तें सर्वांच्या स्मरणांत असेल. पाणी घरून न्यावें, कागदाचा कपटाही मागें टाकूं नये, आणि परतीची गाडी सूर्यास्तापूर्वींची धरावी. कर्जत स्टेशनावर गरम बटाटेवडे मिळतात. घरच्या सोवळ्याओवळ्याची अडचण नसेल त्यांनीं ते अवश्य घ्यावे.