खिडकी केव्हा उघडावी?

वैशाखातील भर दुपार आहे आणि घरात उकडते आहे. कोणी म्हणते, "खिडक्या उघडा, जरा वारा येऊ द्या." आजी म्हणते, "उघडू नका रे, झळा आत येतील." दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे?

नागपूरसारख्या ठिकाणी आजीचे खरे. मे महिन्यात तेथे दुपारी पारा ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो आणि पहाटे २८-२९ अंशांपर्यंत उतरतो. दुपारी बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा तापलेली असते. अशा वेळी खिडकी उघडणे म्हणजे उष्णतेला घरात बोलावणे होय. पहाटे परिस्थिती उलट असते. म्हणून दिवसा दारे-खिडक्या मिटायच्या आणि रात्री सताड उघडायच्या.

पण रात्री तासभर खिडक्या उघडून काम भागत नाही. का, ते पाहू. एक घनमीटर हवेचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे ०.३ किलोकॅलरी उष्णता पुरते. तेवढ्याच आकारमानाच्या विटांच्या भिंतीला मात्र तीनशे किलोकॅलरींहून अधिक लागते. म्हणजे भिंत हवेच्या हजारपटीहून अधिक उष्णता साठवते! दिवसभर जाड भिंत ऊन पीत राहते, म्हणून खोली लवकर तापत नाही. पण रात्री ती साठवण बाहेर काढायची, तर एक घनमीटर भिंत १ अंशाने निववण्यासाठी हजारभर घनमीटर हवा खोलीतून वाहून जावी लागते. त्यासाठी सारी रात्र हवी, आणि हवा वाहती हवी.

वारा पडला असेल तर हवा वाहणार कशी? येथे जुन्या घरांतील शहाणपण दिसते. ३० अंशांवरील एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन सुमारे १,१६४ ग्रॅम भरते, ४० अंशांवरील हवेचे १,१२७ ग्रॅम. फरक अवघा ३७ ग्रॅमचा. गरम हवा हलकी, म्हणून ती वर चढते. वर वाट मिळाली तर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड हवा येते. सहा मीटर उंचीच्या घरात या फरकाने निर्माण होणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास हजाराव्या भागाएवढाच भरतो, तरी हवा हलवायला तो पुरतो. वाड्याचा उघडा चौक, भिंतीतील उंचावरचे झरोके, धाब्याच्या घराच्या छतातील साणे ही सारी त्या गरम हवेची वाट. वर वाट नसेल, तर खालची खिडकी कितीही मोठी असो, छताखालची गरम हवा तेथेच अडकून बसते.

हे तुम्हांला घरीच पाहता येईल. स्वयंपाक चालू असताना, इतर खिडक्या मिटून व पंखे बंद करून, स्वयंपाकघराच्या दारात पेटलेली उदबत्ती धरा. उंबऱ्याजवळ धूर आत ओढला जाईल, चौकटीच्या वरच्या टोकाशी बाहेर जाईल, आणि मध्ये कोठेतरी तो सरळ वर चढेल.

कोकणात आणि मुंबईत मात्र नागपूरची युक्ती फारशी चालत नाही. मुंबईत मे महिन्यात दुपारी ३३-३४ आणि पहाटे २७ अंश. रात्र भिंती निववण्याइतकी थंड होतच नाही. शिवाय हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही. तेथे अंगावरून वारा वाहता ठेवणे हाच उपाय. म्हणून समोरासमोर खिडक्या. कुलरचेही तसेच आहे. १ लीटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते, पण हवा कोरडी असेल तरच पाण्याची वाफ झपाट्याने होते. आणि कुलर लावून खोली बंद करणारे तर कितीतरी भेटतात! ओलसर हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर थोड्याच वेळात खोलीची मुंबई होते.

वातानुकूलन यंत्रासाठी मात्र खोली बंदच हवी, नाहीतर वीज वाया जाते. पण भिंतीवरचे नेहमीचे यंत्र खोलीतलीच हवा फिरवून गार करते. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आता हिशेब करा. तुमचा वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच. म्हणजे १४४ घनमीटर. पन्नास मुले, प्रत्येकजण तासाला सुमारे १५ लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दारे-खिडक्या घट्ट लावल्या, तर एका तासात त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर जाते. बाहेरच्या हवेच्या दहापटीहून अधिक. शेवटच्या तासाला येणारी पेंग केवळ गणितामुळे नसते! खोकल्यातील जंतूही त्याच हवेत तरंगत राहतात.

थंड देशांपुढे हीच अडचण उलट्या दिशेने येते. तेथे फटींतून घरातील ऊब निसटते. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९१ साली बांधलेल्या 'पॅसिव्ह हाउस' घरांत फटी कसून बुजवल्या. अशा घराची कसोटी कडक असते: पंख्याने ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण केला, तरी तासाभरात घरातील हवेच्या ०.६ पटीहून अधिक हवा फटींतून जाता कामा नये. मग माणसांनी श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी वेगळी नळी आणि छोटा पंखा असतो. बाहेर जाणारी उबदार हवा पातळ पडद्यापलीकडून आत येणाऱ्या गार हवेला आपली तीन चतुर्थांशाहून अधिक ऊब देऊन जाते. हवा बदलते, ऊब राहते. आपल्याकडे थंडीत काही जण खोली मिटून कोळशाची शेगडी पेटवून झोपतात. तेथे ना नळी, ना पंखा. कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसल्याने झोपलेल्याला जाग येत नाही आणि माणसे दगावतात. शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर ठेवलीच पाहिजे.

या उन्हाळ्यात दोन तापमापक घ्या. एक खोलीत टांगा, दुसरा बाहेर सावलीत. दर तासाला नोंद करून आलेखकागदावर दोन रेषा काढा. संध्याकाळी बाहेरची रेषा आतल्या रेषेला छेदून खाली उतरेल. ती तुमच्या घराची खिडकी उघडण्याची वेळ. सकाळी ती पुन्हा वर चढेल, तेव्हा खिडकी मिटा.