लफवुडचे प्रार्थनागृह

इंग्लंडातील डेव्हन परगण्यात, डॉलवुड गावानजीक, डोंगरउतारावर गवताने शाकारलेले जे साधे दगडी प्रार्थनागृह आहे, त्याची जागा किल्मिंग्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने १६५३ च्या सुमारास, भोवती दाट अरण्य पाहूनच निवडली. ही सावधगिरी अनाठायी ठरली नाही. कारण दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर, १६६४ च्या कायद्याने, राजमान्य चर्चच्या रीतीबाहेरील उपासनेसाठी घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी जमणे हा गुन्हा ठरला, व दंड, कैद, प्रसंगी हद्दपारीची शिक्षाही मुक्रर झाली. डॉलवुड त्या काळी डॉर्सेटच्या दप्तरी, भोवताली मात्र डेव्हनचा अंमल. सरहद्दीचा हा घोळ मंडळीच्या पथ्यावर पडला असावा, असे म्हणतात. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने लपण्याचे प्रयोजन सरले.

आतील लाकडी बाके अठराव्या शतकातील. पण खरे प्रेक्षणीय ते जमिनीखालचे कुंड, कारण शिशूंना नव्हे, तर स्वेच्छेने श्रद्धा प्रकट करणाऱ्यांनाच, तेही सर्वांग जलमग्न करून, बाप्तिस्मा द्यावा असा ह्या पंथाचा आग्रह. (१८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम केरी ह्याच पंथाचे.) १९६९ पासून ही वास्तू नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे.